सातव्या पिल्लाचे वजन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही. तुम्हाला सांगतो, आणि क्रमाने सांगतो. क्रम चुकला म्हणूनच तर हे घडले.

राज्याच्या पूर्व टोकाच्या गोरेगावजवळ, धानाच्या बांध्यांना — भाताच्या खाचरांना — लागून आमची एक प्रायोगिक शेड होती. डुकरांच्या पिल्लांत तेव्हा एक नवाच विषाणू दिसू लागला होता. दूध सुटलेले पिल्लू खाते-पिते, तरीही झिजत जाते. केस राठ होतात, पाठीचा कणा वर येतो. एका कप्प्यात विषाणू टोचलेली पिल्ले असत, दुसऱ्यात तुलनेसाठी निरोगी. नियम साधा होता: आधी निरोगी कप्पा, मग आजारी. तिथून परत फिरायचे, तर आंघोळ करून, बूट-कपडे बदलूनच.

निरोगी पिल्ले रेवताबाई सांभाळत. कामाच्या अटीप्रमाणे त्यांनी घरची डुकरे आधीच विकली होती. खात्री करायला मलाच पाठवले होते; त्यांचे रिकामे खुराडे मी या डोळ्यांनी पाहिले होते. हे लक्षात ठेवा — मीही ते विसरलो नव्हतो.

रोज सकाळी मी वजने घेई. सातवे पिल्लू हमखास तणसात, भाताच्या पेंढ्यात, दडून बसे. "नवरदेव रुसला जी, सर!" रेवताबाई हसत. "वरात निघाली, अन् हा झोपूनच राहिला!"

एका सकाळी त्या पाणी आणायला गेल्या होत्या. मी दोन्ही कप्पे आटोपून बाहेर आलो, वही उघडली — सातव्यासमोरचा रकाना कोरा. आता काय करायला हवे होते? कोरा ठेवायला हवा होता. एवढेच. पण मुख्य डॉक्टर वही पाहायला येणार होते, आंघोळीला आणि कपडे बदलायला अर्धा तास लागला असता, आणि मला — कोरा रकाना सहन होत नाही. मी त्याच बुटांनी, त्याच अंगरख्यात निरोगी कप्प्यात परत गेलो. पिल्लाला छातीशी धरून उचलले, वजन केले, सुवाच्य अक्षरात लिहिले.

काही आठवड्यांनी निरोगी कप्प्यात झीज सुरू झाली. सर्वांत आधी सातव्याला. मग शेजारच्यांना.

चौकशीत डॉक्टर म्हणाले, बाईंच्या वस्तीत डुकरे आहेत, रोग तिथूनच आला. रेवताबाई माझ्याकडे वळल्या. "मी तं डुकरं कवाच इकली जी. सरांनी पाह्यलं हाये. सांगा नं, सर!" मी वहीची पाने चाळत राहिलो. "काऊन बोलून नाही राहिले जी तुमी?"

का बोललो नाही? नोकरी जाईल म्हणून? प्रयोग वाया गेला तो माझ्यामुळे, हे उघड होईल म्हणून? दोन्ही खरे आहे. त्यांना त्याच दिवशी काढले. अहवालात छापले गेले: देखभाल करणाऱ्या महिला कामगाराचा निष्काळजीपणा.

पुढे मी शिकवू लागलो. आणि पाहा — नियम समजावताना उदाहरण हेच द्यावे लागते. अहवाल मुलांच्या हाती असतो, त्यावर माझेही नाव असते. दरवर्षी त्याच पानाशी येतो. वगळावे, तर मुले विचारतात. सांगावे, तर रेवताबाईंना पुन्हा एकदा कामावरून काढावे लागते. मी दरवर्षी काढतो.

यंदा एका मुलीने हात वर केला. "सर, त्या बाईनं चूक कबूल केली होती का?"

खडू माझ्या हातात होता. मी म्हणालो, "हो." मुलीने ते वहीत उतरवून घेतले.

त्यांनी काहीही कबूल केले नव्हते. कबूल करण्याजोगे त्यांच्याकडे काही नव्हतेच. बूट माझे होते.

ती जुनी वही अजून माझ्या कपाटात आहे. त्या तारखेच्या पानावर एकही रकाना कोरा नाही.