सहाचा पंच आणि भाभीजींचे पंखे

भैयाजी वर आले तेव्हा आमच्या पॅकिंग सेक्शनची वंदना त्यांच्याच ड्रॉइंगरूममध्ये स्टुलावर उभी राहून पंखा पुसत होती. बाकीच्या बायका पडदे उतरवत होत्या. आणि मी, त्यांची अकाउंटंट, सोफ्यावर मांडी घालून भाभीजींसोबत मेथी निवडत होते.

"हे काय चालू आहे?" भैयाजींनी विचारलं.

"घरचं काम," मी म्हटलं आणि एक पिवळं पान बाजूला टाकलं.

हे नीट कळायला थोडं खाली उतरावं लागेल. म्हणजे खरोखरच खाली, जिन्यानं. लकडगंजातली आमची इमारत तीन मजली. तळाला गोडाऊन, मधे पॅकिंग हॉल आणि त्याच्या कोपऱ्यात माझं टेबल, सगळ्यात वर मालकांचं, म्हणजे भैयाजी आणि भाभीजींचं घर. आमचा माल नमकीन आणि सोनपापडी. वर्षभर काम बेताचं असतं. दिवाळीच्या आधी मात्र कंपन्यांच्या गिफ्ट बॉक्सच्या ऑर्डरी येतात आणि हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही.

माझ्याकडे पेरोल. कोण किती वेळ कामावर होतं ते पाहायचं आणि पगार काढायचा. ही वेळ मला सांगते दाराजवळची मशीन. येताना अंगठा, जाताना अंगठा. त्याला पंच म्हणतात. ठरलेल्या वेळेनंतरचं काम म्हणजे ओव्हरटाइम, आणि कायद्यानं त्याचा दर दुप्पट. इतकं सोपं आहे.

भैयाजींनी ते आणखी सोपं करून टाकलं होतं. संध्याकाळी सहा वाजले की सगळ्या बायकांनी रांगेत उभं राहून जाण्याचा पंच करायचा, आणि मागे वळून आपापल्या टेबलावर परत यायचं. मशीनच्या लेखी सगळ्या घरी गेलेल्या. प्रत्यक्षात सगळ्या डब्यांना रिबन बांधत बसलेल्या. हा माझा तिथला पहिलाच सीझन होता. पहिल्या दिवशी मला वाटलं, कोणी काही विसरलं असेल म्हणून परत आलं. मग अख्खी रांगच परत आली.

यावर्षी वंदनाचं घोडं अडलं होतं. तिचं घर लांब. काम आटपून निघेपर्यंत शेअर ऑटो बंद झालेले असायचे. म्हणून तिनं महाल भागातल्या एका गॅरेजवाल्याकडे अबोली रंगाची जुनी मोपेड पसंत करून बयाना देऊन ठेवला होता. सीझनच्या सुरुवातीला भैयाजी म्हणाले होते, यंदा सगळ्यांचं बघू. तेवढ्या भरवशावर. गॅरेजवाल्यानं धनत्रयोदशीपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर गाडीही नाही आणि बयानाही नाही.

"मॅडम, तो रोज फोन करून राहिला," ती मला म्हणाली. "दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणते."

मी भैयाजींच्या केबिनमध्ये गेले.

"भैयाजी, सीझनचा ओव्हरटाइम लावायचा आहे."

"कोणता ओव्हरटाइम? मशीन काय म्हणते?"

"मशीनला तर तुम्हीच सहा वाजता झोपवता."

ते मनापासून हसले आणि काजूकतलीचा डबा माझ्यापुढे सरकवला. भैयाजींची ही पद्धत आहे. नाही म्हणायचं असलं की ते खायला देतात. "मॅडम, आपण परके आहोत का? हे घरच आहे. घरात कोणी तास मोजते का?"

काजूकतली उत्तम होती. मी दोन खाल्ल्या आणि रिकाम्या हातानं बाहेर आले.

लेबर ऑफिसला तक्रार करता आली असती. मी अर्ज लिहूनही ठेवला होता. पण तिथे तारखा पडत राहिल्या असत्या आणि तोवर अबोली मोपेडवर भलताच कोणी फिरला असता. चहाच्या वेळी मी भैयाजींचं उत्तर बायकांना सांगितलं. वंदनानं कप खाली ठेवला.

"घर म्हणते? इतके वर्षं झाले, मले तर वरचा जिनाही नाही माहीत."

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी तिला माझं बिस्कीट देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता रांग लागली. अंगठे लागले. मग रांग टेबलाकडे वळण्याऐवजी जिन्याकडे वळली, आणि सर्वांत पुढे मी. एकटीला भैयाजींनी काढून टाकलं असतं. ऐन सीझनमध्ये सगळ्यांना काढणं त्यांना परवडणारं नव्हतं. हे मी सगळ्यांना आधीच समजावलं होतं, तरी मागून कोणीतरी देवाचं नाव घेत होतं.

भाभीजींनी दार उघडलं. पायऱ्यांवर चपलांची रांग, दारात आम्ही.

"भाभीजी, भैयाजी म्हणाले हे आपलंच घर आहे," मी म्हटलं. "दिवाळीचं काही काम असेल तर सांगा."

त्यांची कामवाली धानाच्या कापणीला पारशिवनीकडे गावी गेली होती. भाभीजींनी आमच्याकडे असं पाहिलं की माझे डोळे भरून येतील असं वाटलं.

"पंखे होतील का?" त्यांनी हळूच विचारलं.

"पंखे, जाळे, पडदे," वंदना पदर खोचत म्हणाली. "तुमी फक्त सांगा."

तर असे आम्ही वर होतो आणि भैयाजी दारात उभे होते.

"खाली ऑर्डर पडली आहे. उद्या गाडी येईल."

"खाली कारखाना आहे, भैयाजी. तो सहाला बंद झाला. हवं तर मशीनला विचारा."

त्यांनी मदतीसाठी भाभीजींकडे पाहिलं. तिथे त्यांचं चुकलं.

"पडदे अर्धे निघाले आहेत," भाभीजी म्हणाल्या. "आता मधेच कोणी जाणार नाही. आणि जेवल्याशिवाय तर नाहीच."

त्या घरातून कोणी उपाशी परत जात नाही, हा भाभीजींचा नियम. तो मोडायची ताकद भैयाजींत नव्हती. ते मुकाट्यानं ताटावर बसले. वंदना वाढायला आली.

"भैयाजी, पोळी वाढू का? लाजू नका. घरच्यासारखं घ्या."

भाभीजी काही भोळ्या नव्हत्या. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "वंदना, खरं सांग. आजच काहून आल्या तुम्ही वर?"

वंदनानं सांगितलं. पंच, रिबन, मोपेड, सगळं. भैयाजी वाटीतली भाजी निरखत राहिले.

भाभीजींनी हातातला चमचा खाली ठेवला. "घरचं काम फुकट करायला या घरात मी आहे. एक पुरते. यांना काहून जोडता त्यात?"

मग भैयाजी माझ्याकडे वळले. "मॅडम, सिंगल रेटनं मिटवा."

"उद्या माळे साफ करायचे आहेत, भैयाजी."

"परवा पितळेची भांडी," भाभीजींनी पुस्ती जोडली.

भैयाजी पाणी प्यायले. पेला खाली ठेवला. "डबल लावा. पहिल्या दिवसापासून."

"आणि सहाचा पंच?"

"जातील तेव्हा करतील. आता खाली चला."

"पडदे लावून," भाभीजी म्हणाल्या.

पडदे लागले. दुसऱ्या दिवशी डबे भरले गेले आणि गाडी वेळेवर सुटली. धनत्रयोदशीच्या आधी ओव्हरटाइम खात्यात जमा झाला, आणि अबोली मोपेड आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. नेमकी भैयाजींच्या गाडीच्या जागेवर. त्यांनी वंदनाला ती हलवायला सांगितली. डबा मात्र पुढे केला नाही, म्हणजे मनापासून नाही म्हणायचं नसावं.

माझ्यासारख्या नोकरदारांना एवढंच सांगेन: मालक कामाच्या जागेला घर म्हणाला, तर वाद घालू नये. चप्पल काढून आत जावं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी भाभीजी पहिल्यांदाच पॅकिंग हॉलमध्ये आल्या. मशीनसमोर उभ्या राहिल्या, ती वरून खालून पाहिली आणि माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, हिच्यात माझा अंगठा घेता येतो का?"

मी केबिनच्या दारात आलेल्या भैयाजींकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईनं काजूकतलीचा डबा भाभीजींपुढे धरला. भाभीजींनी त्याचं झाकण लावलं आणि डबा त्यांच्याच हातात परत दिला.