विजेच्या खांबावरची टेलिफोनची तार

मी निघोज्यात शाळामास्तर असताना गावात टेलिफोन आला. त्याचे खांब आले नाहीत. विजेचे खांब होते. पण एका खात्याच्या खांबावर दुसऱ्याची तार टाकायची, तर दोन्हीकडच्या साहेबांनी आधी एकत्र येऊन पाहणी करावी असा नियम होता. साहेब काही एकत्र येईनात. मग उद्घाटनाला मंत्री यायचे ठरले आणि तार एका दुपारीत विजेच्या खांबांवर चढली. नियम त्या दिवशी रजेवर असावा.

मंत्री फोनवरून चाकणशी पाऊसपाण्याचं बोलले, आम्ही टाळ्या वाजवल्या. पोरं खेळतील म्हणून सरपंचांनी फोन लाकडी पेटीत घालून कुलूप लावलं. अडीनडीलाच उघडायचा, असं ठरलं. बायका शुक्रवारी पेटीला हळदकुंकू वाहू लागल्या.

पुढच्याच आठवड्यात, पाहणी झालेली नाही म्हणून, वीजवाल्यांनी गावाबाहेरची तार उतरवून टाकली. गावाला कुणी सांगितलं नाही. पेटी कुणी उघडत नव्हतं, त्यामुळे कळलंही नाही.

श्रावणात माझ्या शेजारची सून बाळंत झाली. पोरगी धड होती. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "रगत थांबंना. दवाखान्याची गाडी आणा."

नवऱ्याने चाकणला जायला सायकल काढली.

"सायकल कशाला?" चुलता म्हणाला. "फोन हाय की आपला."

नवऱ्याने सायकल भिंतीला टेकवली. सरपंच मळ्यात होते. ते किल्ली घेऊन येईपर्यंत बराच वेळ गेला. त्यांनी टोपी नीट केली, फोन कानाला लावला. "हॅलो. हॅलो."

"काय म्हंत्यात?" नवऱ्याने विचारलं.

"दम धर, राव. साहेब लोकं हायेत, लगीच उचलतील व्हय?"

अखेर मी फोन मागून घेतला. आत साधी खरखरही नव्हती. "बंद आहे," म्हणालो. नवरा सायकलकडे पळाला.

गाडी आली तेव्हा न्यायला कुणी उरलं नव्हतं.

तेरावं व्हायच्या आत दोन्ही साहेब एकाच जीपमधून आले. दोन तारांत किती अंतर हवं यावर वाद घालून चहा प्यायले आणि पाहणी झाली. संध्याकाळी तार परत चढली. लाइनमनने चाकण लावलं आणि, आवाज येतो का बघायला, जवळ उभ्या माणसाच्या हातात फोन दिला. डोकं भादरलेला तो नवरा होता, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"बोला कायतरी," लाइनमन म्हणाला.

"निघोज्यातनं बोलतोय," तो म्हणाला. "गाडी नगं आता."

पलीकडून काहीतरी विचारत होते. त्याने फोन लाइनमनला परत दिला.