मोठ्या तबकडीतली जागा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढं तर मुळीच नाही. तिथं मी नुसती मागत आले. मग तुम्हांला का सांगते आहे? कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात तर चुकीचं ओळखता. शिवाय मागच्या महिन्यात एक गृहस्थ घरी येऊन गेले आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

ते ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या जमवतात. भला माणूस. माझ्या बुट्टीच्या गाण्याच्या दोन तबकड्या मऊ कापडात गुंडाळून घेऊन आले होते. एक लहान, एका बाजूला एकच गाणं मावणारी, आणि दुसरी तीन-चार वर्षांनी निघालेली मोठी. दोन्ही शेजारी शेजारी लावून त्यांनी फरक वहीत टिपले होते. लहानीत पाच कडवी, मोठीत सहा. लहानीत नुसती पेटी, मोठीत बासरीसुद्धा. लहान तबकडी तोडल्यासारखी संपते, मोठी पुरी होते. आणि मग म्हणाले, कंपनीनं तेव्हा तुमच्यावर अन्यायच केला, नेमकं तुमच्या नावाचं कडवं गाळलं. मी चहा ओतत होते. कप बशीत नीट ठेवला आणि म्हणाले, हो ना.

हो ना! पंच्याहत्तरी उलटली, गुडघे गेले, पण जीभ अजून किती सराईतपणे वळते बघा.

तर ऐका. ते गाणं माझं नाही. ते नागव्वाचं आहे. हा सांगण्यातला सोपा भाग झाला, एवढ्यावर मी सुटत नाही.

नागव्वा मैंदर्गीची. तिची लेक सोलापुरात आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची, आणि लेकीच्या बाळंतपणाला म्हणून आलेली ही बाई दर वर्षी दोन-दोन महिने राहू लागली. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, तोंडात अर्धं कानडी आणि अर्धं मराठी. मी तेव्हा मेळ्यात, हळदीकुंकवाला गायची, गळ्याचा मला भारी तोरा होता. ती भाकरी थापता थापता गायची आणि तोरा कसला तो तिला ठाऊक नव्हता. बुट्टीचं गाणं तिनं थोरल्या लेकीच्या पाठवणीला रचलं होतं. आई लेकीच्या बुट्टीत, म्हणजे टोपलीत, एकेक वस्तू घालत जाते — कडक भाकरी, शेंगाचटणी, खण, बांगड्या, हळकुंडं — एका कडव्याला एक. आणि बुट्टी भरली की शेवटी सगळ्यांच्या वर आई स्वतःचं नाव घालते:

भाकर सरल, चटणी सरल, मागं ऱ्हाईल गाव —
नागव्वा म्हणे, अडलीस लेकी तर घे की माझं नाव.

शेवटच्या कडव्यात रचणाराचं नाव यायचं, ही आपली जुनीच रीत. त्याला छाप म्हणतात. शाहीर घालतात, भजनवाले घालतात. पण नागव्वानं नाव नुसतं सही केल्यासारखं घातलं नव्हतं. त्या नावासाठीच गाणं होतं. बाकीची पाच कडवी म्हणजे नुसती बुट्टी.

हे मला कळत नव्हतं असं मी म्हणू? म्हणता आलं असतं. पण मला चांगलं कळत होतं. कळत होतं म्हणून तर ते मला हवं झालं.

कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा नागव्वानं गाणं मला आपण होऊन दिलं. चार दिवस समोर बसवून शिकवलं. लहान तबकडीत सव्वातीन मिनिटांहून जास्त मावत नाही, काहीतरी गाळावं लागेल, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, हळकुंडं गाळ, खण गाळ, शेवटलं तेवढं ठेव. एवढी एकच गोष्ट तिनं मागितली.

मुंबईला तिथल्या साहेबांनी घड्याळ लावलं आणि सांगितलं, एक कडवं कमी करा, जागा नाही. कुठलं, ते माझ्यावर सोडलं. खणाच्या कडव्यात माझी एक तान होती — नागव्वाची नव्हे, माझी, मी बसवलेली. मी शेवटचं गाळलं. मग त्यांनी विचारलं, तबकडीवर छापायला हवं, गाणं कुणाचं? मी म्हणाले, कुणाचं नाही, बायका म्हणतात. त्यांनी लिहिलं, पारंपरिक. त्या माणसाचा मला राग यावा असं फार वाटतं, पण येत नाही. राग सगळा घरचाच आहे, माझा माझ्यावरचा.

तबकडी चालली. हॉटेलात, लग्नात, जत्रेत कर्ण्यावर, जिथं तिथं बुट्टी. नागव्वानं ऐकली, आणि जागा नव्हती म्हटल्यावर तिनं मान हलवली. लहान तबकडी म्हणजे लहान तबकडी, तिला पटलं. तिथंच थांबले असते तर? निदान ती तबकडी मुकी होती. खोटं बोलत नव्हती.

मग मोठी तबकडी काढायचं ठरलं. त्याच साहेबांनी सांगितलं, आता घाई नाही, गाणं पुरं गा, राहिलेलं असेल तेही घाला. म्हणजे देवानं दार उघडून दिलं होतं, नुसतं आत जायचं होतं. आणि मी काय केलं? ते कडवं घातलं. नागव्वाच्या जागी माझं नाव, मालती, घातलं. मालती म्हणे, अडलीस लेकी तर घे की माझं नाव. मला ना लेक, ना त्या गावाशी संबंध. कडक भाकरीसुद्धा मी विकतची आणते.

आता त्यातली गंमत सांगते — गंमत कसली, चीड येते. नागव्वा हे नाव तालात ठासून बसतं. मालती एका मात्रेनं कमी पडतं. ती रिकामी मात्रा भरायला मी तिथं आवाज जरा वळवून वर नेला. झालं! जाणकारांनी माना डोलावल्या. काय जागा घेतली आहे बाईंनी! गवयाची बारीक हरकत, तिला जागा म्हणतात. अहो, ती जागा नव्हे. एका बाईला उचलून बाहेर काढलं, तिथं पडलेलं भोक आहे ते. त्या भोकाची तारीफ ऐकत मी म्हातारी झाले.

नागव्वा त्या वर्षी आली ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात. ओरडली नाही. पाटावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली,

"ल्हान तबकडीत जागा न्हवती. मोठ्या तबकडीत हुती की?"

मी म्हणाले, अव्वा, कंपनीनं बदललं, माझं काही चाललं नाही. तिनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, त्येंचं चुकलं म्हणायचं. आणि पदराखालून शेंगाचटणीचा डबा काढून माझ्या ओट्यावर ठेवला. तो डबा मी घेतला. चटणी खाल्ली. लाज कशाशी खातात, विचारायला नको.

पुढचं आधीच सांगून टाकते. आता सांगते त्या लग्नानंतर नागव्वा कुठल्याही लग्नात गायली नाही, आणि काही वर्षांनी गेली. हे शेवटी सांगितलं तर तुम्ही तिच्यासाठी हळहळाल आणि त्या गडबडीत मी निसटेन. मला निसटायचं नाही.

तर मैंदर्गीत एक लग्न होतं, नागव्वाच्या भावकीतलं. रेकॉर्डवाली बाई म्हणून मलाही बोलावलं होतं. मी गेले. का गेले? मान मिळतो म्हणून, दुसरं काय! सकाळपासून मांडवात माझीच मोठी तबकडी वाजत होती. पाठवणीच्या वेळी कर्णा बंद केला, आणि रीतीप्रमाणं बायकांनी नागव्वाला पुढं केलं. बुट्टी भरताना तिनंच गायचं, हे तिथं वर्षानुवर्षं ठरलेलं. मला खुर्ची दिली होती. ती खाली, नवरीजवळ.

ती गायली. भाकरी, चटणी, खण, सगळं. नवरी रडायला लागली. शेवटच्या कडव्याला आली, नागव्वा म्हणे, असं म्हटलं — आणि पोरी फिदीफिदी हसल्या. एकीनं तिला मध्येच थांबवलं.

"अव्वा, चुकलं की. तितं मालती हाय. रेकॉर्डवर तसं न्हाय."

दुसरी म्हणाली, सोताचं नाव घालतीस व्हय गं? पोरींचा काय दोष? त्यांनी तबकडीच ऐकली होती. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मोठ्या आदरानं. रेकॉर्डवाली बाई समोर बसली आहे, आता हीच निवाडा करील. आणि नागव्वाही बघत होती. थांबली होती ती, माझ्यासाठी थांबली होती. तिथं साहेब नव्हते, घड्याळ नव्हतं, जागा कमी नव्हती. दोन शब्द बोलायचे होते. गाणं तिचं आहे. हे तीन झाले, दोनही पुरले असते.

मी? मांडवाच्या कनातीकडं बघत बसले.

मग नागव्वानं नवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शेवटचं कडवं पुन्हा उचललं. या वेळी मालती म्हणे, असं म्हटलं. ती कमी पडलेली मात्रा भरायला माझ्यासारखाच आवाज वर न्यायला गेली. तिचा गळा तसा वळणारा नव्हता, सूर फाटला. पण नाव तिनं स्पष्ट घेतलं, माझ्या तोंडाकडं बघत, माझं नाव.

आणि मी — चांगलं गाणाऱ्याला दाद देतात ना, तशी — मान डोलावली.