निखाऱ्यावरची वाम आणि चाचांचं नाक

ताटातलं काहीही तोंडात घालण्याआधी चाचा ते नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "थांब, आधी वास येऊ दे." समोरच्याचा घास तोंडाशी गेलेला असला तरी तो बिचारा हात तसाच धरून थांबायचा. मी कितीदा तरी थांबलो आहे.

आता ते रत्नागिरीला, आपल्या गावी असतात. पण त्यांचं सगळं आयुष्य बहरीनमध्ये गेलं. मसाले आणि तांदूळ मागवणाऱ्या आमच्या कंपनीत मी हिशेब बघायचो आणि ते माल तपासायचे. ऑफिसात सगळेच त्यांना चाचा म्हणत. ते मला माझ्या नावाने कधी हाक मारत नसत; मी त्यांचा 'पुणेकर'. गोदामात शिरले की पोत्यात हात घालायचा, मूठभर धणे तळव्यावर चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि शांतपणे सांगायचं, "हा माल भिजून वाळवलेला आहे. परत पाठवा." एखाद्याच्या नाकावर पगार चालतो असं मी तोवर पाहिलं नव्हतं. तुम्हीही बहुधा पाहिलं नसेल.

माहूज भागातलं ते जपानी खाण्याचं दुकान त्यांनी वासावरूनच शोधलं. एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर जेमतेम आठ-दहा माणसं बसतील एवढी जागा. म्हातारा जपानी मालक कोळशापुढे उभा असायचा आणि त्याची बायको वाढायची. मिळायचं एकच, निखाऱ्यावर भाजलेली वाम. ती सापासारखी लांब मासळी मधून चिरून, काड्यांवर ताणून भाजायची, गोडसर काळ्या रसात बुडवायची, पुन्हा भाजायची, पुन्हा बुडवायची आणि शेवटी लाकडी डब्यातल्या गरम भातावर निजवायची.

चाचांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "रसात दारू आहे का?" म्हाताऱ्याने नाही अशी मान हलवली आणि खजुराच्या पाकाची बरणी पुढे ठेवली. गोडव्यासाठी त्याच्या देशात जी तांदळाची गोड दारू घालतात, तिच्याऐवजी त्याने इथला खजूर घेतला होता. चाचा खूश झाले. वर भुरभुरायला आलेली हिरवी पूड हुंगून तर ते मला म्हणाले, "पुणेकर, ही आपल्या तिरफळाची चुलत बहीण."

तिथे गेलं की वाट बघावी लागे. गिऱ्हाईक आल्याशिवाय म्हातारा मासळी निखाऱ्यावर ठेवतच नसे. कुणी घाई केली की तो इथे शिकलेला अरबी शब्द म्हणायचा, "शुवय्या, शुवय्या." म्हणजे हळूहळू. तेवढा वेळ धुरात बसून राहायचं. मी चुळबुळ करायचो. चाचा मात्र असे बसायचे, जणू जेवण सुरूच झालंय.

मग तापाची साथ आली आणि चाचाही तिच्यात सापडले. ताप उतरला, अंगात ताकद आली. वास मात्र परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल किंवा येणारही नाही. रोज काही ना काही हुंगत राहा." चाचांनी हे लपवलं नाही. आमच्या बहरीनी मालकांसमोर ते सरळ जाऊन उभे राहिले. "साहेब, माझं नाक गेलं. दुसरा माणूस बघा."

मालक म्हणाले, "व्हिसा संपेपर्यंत थांबू. इंशाल्ला."

व्हिसा उन्हाळ्याच्या शेवटी संपत होता.

त्या महिन्यांत चाचा दिसायला पहिल्यासारखेच होते. हसत, चेष्टा करत. पण गोदामात ते पोत्यांपासून दोन हात लांब उभे राहायचे, दुसऱ्याच्या घरात उभं राहावं तसे. त्यांच्या गुदैबिया भागातल्या घरी गेलो तेव्हा चाची मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "आधी रोज भांडायचे. मीठ कमी, आमसूल जास्ती. आता काही वाढलं तरी छान म्हणतात. पाहुण्यासारखे." एवढं बोलून त्या उगाचच भांडी आवरत राहिल्या.

शुक्रवारची नमाज झाली की मात्र चाचा मला घेऊन माहूजला जायचे. धुराच्या अगदी तोंडाशी असलेली जागा धरायचे. एकदा न राहवून मी विचारलं, "चाचा, चव लागत नाही, वास येत नाही. मग इथे कशाला यायचं?"

"डॉक्टर हुंग म्हणाला ना? मग हुंगायचंच तर लवंग कशाला? हे हुंगतो."

म्हाताऱ्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण त्याला कळलं असावं. तो चाचांचा डबा भरला की झाकण न लावता आधी त्यांच्या समोर धरायचा, चाचा मान हलवायचे, आणि तो निमूटपणे झाकण लावून डबा ठेवायचा. असे कितीतरी शुक्रवार गेले. ऑफिसात नवीन माणसाच्या मुलाखती सुरू झाल्या. चाचींनी गावी न्यायच्या सामानाचे खोके बांधायला काढले.

त्या शुक्रवारीही आम्ही तसेच बसलो होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मासळी दुसऱ्यांदा निखाऱ्यावर गेली, रस टपकला, धूर उठला. चाचांनी कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटलं, डोळ्यांत धूर गेला. ते उठले, थेट म्हाताऱ्यापुढे जाऊन उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "तुमचा कोळसा आज ओला आहे."

कोळशाला वारा घालणारा म्हाताऱ्याच्या हातातला पंखा थांबला. "काय म्हणालात?"

"ओला. धुराला दमट वास येतोय."

वास. आपण काय बोललो हे चाचांना बोलून झाल्यावर कळलं. ते टेबलाची कड धरून तसेच उभे राहिले.

म्हाताऱ्याने कोळशाच्या पोत्यात हात घातला, एक तुकडा काढून बोटांनी दाबला. मग त्याने आत हाक मारली. बायको बाहेर आली. तो जपानीत तिला काहीतरी सांगत होता आणि वरच्या एसीकडे बोट दाखवत होता. एसीचं पाणी रात्रभर पोत्यावर ठिबकलं होतं. एरवी त्याच्या कामात खोट काढलेली त्याला मुळीच खपत नसे. त्या दिवशी त्याने कमरेतून वाकून चाचांना नमस्कार केला. बाई तोंडावर पदर धरावा तसा हातातला रुमाल धरून रडत होत्या आणि हसतही होत्या.

चाचा जेवायला बसले. पहिला घास त्यांनी खूप वेळ चावला. "अजून धूसर आहे," ते म्हणाले. "पण आहे." डब्यातला शेवटचा भाताचा दाणासुद्धा त्यांनी सोडला नाही.

गाडीत बसताच म्हणाले, "काच खाली कर."

"चाचा, बाहेर भट्टी पेटलीय."

"कर म्हणतो ना. यल्ला, लवकर."

रस्त्यात पेट्रोलचा वास आला, खुबूसच्या रोट्यांच्या भट्टीचा वास आला, मैलापाण्याचा टँकर शेजारून गेला. टँकरच्या वासालाही त्यांनी समाधानाने मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात ते गोदामात शिरले आणि जिऱ्याचं एक पोतं बाजूला काढून म्हणाले, "याला रॉकेल लागलंय." मालकांनी स्वतः वाकून खात्री केली, आणि त्याच दुपारी व्हिसा वाढवायच्या कागदावर सही केली. पुढे कितीतरी वर्षं चाचांनी ते काम केलं. पण ते नंतरचं. त्या शुक्रवारी आम्ही आधी गुदैबियाला पोचलो.

जिन्याच्या पहिल्याच पायरीवर चाचा थांबले. "खाली फणसाची भाजी," ते म्हणाले. मल्याळी शेजारणीने दार उघडलं, तिला काय झालं ते समजलं आणि ती हातातलं काम टाकून आमच्या मागे चालू लागली. पहिल्या मजल्यावर हैदराबादी कुटुंबाकडे कांदा तळला जात होता. चाचांनी दारावर टकटक करून तसं सांगितलं. तिथले आजोबाही बाहेर आले. दुसऱ्या मजल्यावर कुणी साजूक तुपात शेवया परतत होतं. वर पोचेपर्यंत आमच्या मागे चांगली मिरवणूक जमली होती.

एवढा गलका ऐकून चाचींनी उलथनं हातात घेऊनच दार उघडलं. "काय झालं? पडलात का कुठे?"

चाचांनी दारातच मोठा श्वास घेतला. "खोबरं करपलंय."

चाची बघतच राहिल्या. "कुठे करपलंय? जरासं लाल झालंय."

"करपलंय. आच मोठी आहे."

चाची आत धावल्या. शेगडी बंद झाल्याचा आवाज आला. त्या परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. चारचौघांत नवऱ्याशी मान वर करूनही न बोलणाऱ्या त्या बाईंनी सगळ्या जिन्यादेखत चाचांचा हात धरला.

"या, आत या," त्या म्हणाल्या. "आणखी काय काय चुकलंय ते सांगा."

चपला उंबऱ्यापाशी सोडून चाचा तरातरा स्वयंपाकघरात गेले. आम्ही सगळे जिन्यात उभे होतो, आणि आतून एकेका भांड्याचं झाकण उघडल्याचा आवाज येत होता.