दिनकरआप्पांचे तुटके खांब

आमच्या मानवतच्या गल्लीत दिनकरआप्पांना कुणी पत्ता विचारला, तर ते नुसतं डावीकडे वळा म्हणून सोडून देत नाहीत. वळताना हॉर्न कुठं द्यायचा, गुरं कुठं आडवी येतात, तेही सांगतात. जन्मभर एसटी चालवली आणि कुणाला खरचटूही दिलं नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांच्या बायकोनं, कमलमावशींनी, देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवलाय.

निवृत्त झाल्यावर हे गृहस्थ फार बेजार झाले. हात नुसते मांडीवर. मग पुण्याला असणाऱ्या मुलानं, भागवतनं, आपला गेम खेळायचा जुना कॉम्प्युटर, त्याचा मोठा मॉनिटर आणि एक छोटं स्टिअरिंग आणून दिलं. त्यात बस चालवायचा गेम. रस्ते कुठल्या तरी परदेशातले, पुसून घेतल्यासारखे. आप्पा तिथंही प्रत्येक थांब्यावर गाडी उभी करायचे.

"कुणी चढंना का, थांबा हाय म्हणल्यावर थांबायचं," असं त्यांचं म्हणणं. त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळं ब्रेकचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा.

दिवाळी तोंडावर आली तसा तो आवाज बंद झाला. मी चकल्यांची भाजणी दळून आणली होती, तेवढ्यात मावशी दारात उभ्या.

"धनश्री, हे गाडी विकायला निघालेत."

गाडी म्हणजे त्यांची जुनी पांढरी कार. दर दिवाळीला आप्पा त्या गाडीनं बोरीला जातात आणि लेकीला, राजेश्रीला, माहेरी घेऊन येतात. त्यात कधी खंड नाही. यंदा मात्र तिला फोन करून सांगितलं, एसटीनं ये. ती बिचारी विचारत राहिली की आप्पा रागावलेत का.

मी गेले तर आप्पा बंद मॉनिटरपुढं बसलेले.

"काय झालं आप्पा?"

"डोळे गेले, ताई."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"परभणीला जाऊन आलो. म्हणला, डोळे ठणठणीत हायत. भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली. पर अक्षरं काय पळत न्हाईत ना! मला पळती वस्तू तुटकी दिसायलीय."

"मग एकदा रस्त्यावर गाडी काढून बघायची."

"आन् खरंच गेले असले तर? कुणाच्या लेकराच्या अंगावर घालून बघू?" ते शांतपणे म्हणाले.

त्यांनी कॉम्प्युटर लावला. बस उभी होती, शेजारी विजेचा खांब. "कसा दिसतो?" मी म्हटलं, सरळ, अख्खा. "उभ्या गाडीतून मलाबी अख्खाच दिसतो. आता बघा." बस निघाली, वळणावर आली, खांब बाजूनं सरकायला लागला आणि मधोमध कापला गेला. वरचा तुकडा पुढं, खालचा मागं. पुढच्या झाडाचंही तेच.

मी चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला. खांब तुटलेलाच.

"आप्पा, मलाही तुटका दिसतोय!"

"मग तुमीबी परभणीला जाऊन या," आप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मावशींना बोलावलं. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. त्यांनी पडद्याला नाक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "मला तर बाई सगळंच असं दिसतं." ही साक्ष काही उपयोगाची नव्हती.

मी भागवतला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, खांब तुटला की हे बटण दाबा, पडद्याचा फोटो निघतो. मला पाठवा." आम्ही तसं केलं. फोटो उघडून पाहिला तर खांब शेंड्यापासून बुडापर्यंत धडधाकट! भागवत म्हणाला, "काहीच नाही झालेलं."

आता माझं डोकं चालेना. डॉक्टर म्हणतो डोळे चांगले. कॉम्प्युटर म्हणतो चित्र चांगलं. आणि दोन शहाणी माणसं तुटक्या खांबाकडं बघत बसलेली. खोटं कोण बोलतंय? शेवटी काही सुचेना म्हणून मी माझा मोबाइल पडद्यासमोर धरून व्हिडिओ घेतला आणि तो पाठवून दिला. लगेच भागवतचा फोन आला.

"अहो वहिनी, स्क्रीन फाटतेय ही! पण हे व्हायलाच नको. आपला मॉनिटर थांबणारा आहे."

"थांबणारा म्हणजे?"

"कॉम्प्युटर एकामागून एक चित्रं काढतो. मोकळा रस्ता असला की भराभर, बाजार आला, गर्दी आली की त्याला वेळ लागतो. साधा मॉनिटर मात्र ठरलेल्या ठेक्यावर पडदा बदलत राहतो. पडदा अर्धा भरेपर्यंत नवं चित्र आलं, की वर जुनं, खाली नवं. तुमचा फोटो निघाला तो कॉम्प्युटरच्या आतून, तिथं चित्र अख्खंच असतं. फाटतं ते पडद्यावर येताना. थांबणारा मॉनिटर चित्र पूर्ण झाल्याशिवाय पडदा बदलत नाही. जशी चित्रं येतील तसा तो चालतो."

"म्हणजे पडदा थांबतो की चित्र?"

त्यानं परत सांगितलं. मी परत तेच विचारलं. मागून आप्पा एकदम म्हणाले, "डबल बेल."

"काय?"

"साधी स्क्रीन म्हंजे टाइमावर सुटणारी गाडी. माणसाचा एक पाय पायरीवर, एक पाय खाली, तरी निघाली! आन् ह्यो मॉनिटर कंडक्टरनी डबल बेल मारल्याबिगर हलत न्हाई. आसं का?"

"अगदी तसंच, आप्पा!" भागवत खूश झाला.

"मग आता बिनबेलचा का हलायलाय?"

हे भागवतलाही बघूनच सांगायचं होतं. त्यानं तिकडं पुण्यात बसून आमच्या पडद्यावरचा बाण इकडंतिकडं फिरवला. बाण आपोआप फिरताना बघून मावशींनी हात जोडले. तेवढ्यात तो पुटपुटला, थांबण्याची सोय चालू करायची ती जागाच दिसेना, गायब झाली. "कधीपासून होतंय हे?"

"दसऱ्यापासून," आप्पा म्हणाले.

मावशी झटकन वळल्या. "मी सांगत होते! खंडेनवमीला देवाचं ऐका म्हणून!"

हळूहळू सगळं बाहेर आलं. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. विळी, कात्री, कारचा पाना आणि यंदा कॉम्प्युटरही. पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून. पूजेला लावलेली हत्यारं दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हलवायची नाहीत, असा मावशींचा नेम. आप्पांचा नेम डेपोतला. पूजा झाली, लिंबू चाकाखाली गेलं, की गाडी रूटवर. प्रवाशानं काय दसऱ्यापर्यंत वाट बघायची? दोघं अडून बसले. मग तोड निघाली. सगळ्या कॉम्प्युटरच्या वतीनं एक वस्तू देवापुढं राहील, बाकीचा चालेल.

"कोणती वस्तू, मावशी?"

"ती जाड वायर. तिला तोंड चांगलं होतं कुंकू लावायला."

"मग मॉनिटर चालतोय कशावर?"

"टीव्हीची जुनी वायर बसली की दुसऱ्या भोकात," आप्पा म्हणाले. "चित्र आलं. मग दसरा झाला, कोण काढत बसतंय!"

फोनच्या पलीकडं भागवत कपाळाला हात लावून बसला असणार. बेल वाजते ती त्या जाड वायरीतून. या मॉनिटरला दुसऱ्या भोकातून ती ऐकूच येत नाही. दोन्हींतून चित्र येतं, मग बेल एकीतूनच का, हे त्यानं सांगितलं आणि मला ते अजून कळलेलं नाही.

वायर देव्हाऱ्याच्या खणात निघाली, घटाच्या वाळक्या धानाशेजारी. मावशींनी आधी तिला नमस्कार केला. मी तिच्या तोंडातलं कुंकू कोरड्या ब्रशनं झटकून काढलं. वायर बसवली, भागवतला ती हरवलेली जागा सापडली. बस वळणावर आली आणि खांब अख्खाच्या अख्खा सरकत गेला.

मला वाटलं, मिटलं. आप्पा मात्र स्टिअरिंग धरून तसेच बसलेले.

"पडदा खोटं बोलत होता, कबूल," ते म्हणाले. "पर म्हणून माझे डोळे खरे कशावरून?"

मावशींनी पदर खोचला. "कशावरून ते रस्ता सांगंल. चला, मी बसते गाडीत. तुमच्या गाडीत बसायची मला कधी भीती वाटली न्हाई, आज काय वाटायची?"

"गल्लीच्या टोकापर्यंत," आप्पा म्हणाले. "पुढं न्हाई."

त्यांनी गाडीची काच पुसली, परत पुसली. बसले. किल्ली फिरवली. इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या खांबावर. मी फाटकाला धरून उभी. मागच्या सीटवरून मावशींनी हात बाहेर काढला आणि टपावर दोनदा थाप मारली. टक, टक.

गाडी निघाली. गल्लीच्या टोकाला पोचली, दिवा लावून वळली आणि दिसेनाशी झाली.

मी वाट बघितली. चकल्या तळून झाल्या, ऊन कलायला लागलं, तेव्हा गाडी परत दारात आली. मागच्या दारातून राजेश्री उतरली, हातात पिशव्या, तोंडभर हसू. "धनश्रीवहिनी, मी एसटीसाठी आवरत होते, आन् आप्पा दारात! झालं काय होतं नेमकं?"

मावशी म्हणाल्या, देवानं वायर अडकवून धरली होती. मी पडदा आणि चित्राचं सांगायला गेले आणि मध्येच अडकले. राजेश्री एकदा माझ्याकडं, एकदा आईकडं बघत राहिली.

मी आप्पांना विचारलं, "खांब?"

"समदे अख्खे," ते डिकीतून पिशवी काढत म्हणाले. "बोरीच्या अलीकडं एक वाकडा हाय. पर तो मी एसटीत होतो तवापासून वाकडाच हाय."