शेऱ्याचा रकाना

नाशिक रोडला स्कूटर बाळगणाऱ्या एकाही माणसाला आमच्या गॅरेजवाल्या काकांपासून काही लपवता आलेलं नाही. ज्यांना आलं, ते पायी जात असणार. सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीला काका आधी एक प्रदक्षिणा घालत, मीटर वाचत, मडगार्डखाली बोट फिरवत, डिक्कीत नाक खुपसत आणि मग लांबट वहीत नोंद करत: नंबर, किलोमीटर आणि शेवटी शेरा. हा शेवटचा रकाना वाचण्यासारखा असे. 'तांबडी माती. सुरगाण्याकडे जाऊन आले. ऑफिसात आजारी असल्याचं कळवलंय.' 'डिक्कीत जिलबीचा कागद. यांना साखर आहे.' बरं, लिहून गप्प बसावं, तर तोंडात तीळ भिजत नसे. जिलबीवाल्या गृहस्थांची पत्नी भाजी घेऊन चालली होती, तर काका हातात पाना घेऊनच रस्त्यावर आले. "वहिनी, साहेबांना जरा आवरा. डिक्कीला लय मुंग्या लागल्यात!" गृहस्थांना महिनाभर कारल्याचा रस प्यावा लागला. तरी गाडी ते तिथेच आणत राहिले, कारण काकांच्या हाताखालून गेलेली गाडी पहिल्या किकला सुरू होई. "माणूस खोटं बोलंल," काका म्हणत, "गाडी नाय बोलत."

माझीही खोटं बोलली नाही. नव्वदच्या दशकात मी दर रविवारी ओव्हरटाइमच्या नावाखाली येवल्याला जात असे. तिथल्या पैठणी विणणाऱ्या एका घरातली मुलगी मला फार आवडायची आणि आश्चर्य म्हणजे तिलाही मी आवडायचो. घरी सांगायला मी चांगली वेळ शोधत होतो. ती काकांना आधी सापडली. गाडी आणायला वडील गेले, तेव्हा काकांनी कौतुकाने वही पुढे केली. "भाऊ, मागच्या चाकाच्या आसाला रेशमाचा धागा गुंडाळला होता. येवल्याचा हाय. पोरानं सूनबाई बघून ठेवलीय, पेढे काढा!" वडिलांनी पेढे काढले नाहीत. ते एसटीने येवल्याला गेले. तिच्या घरी काय बोलले, ते मला कधीच कळलं नाही. तुळशीचं लग्न झालं आणि पहिल्याच मुहूर्ताला घरच्यांनी तिचंही दुसरीकडे लावून दिलं.

मी रागाने दोन वर्षं गाडी दुसरीकडे नेली. तिथून ती ढकलत आणावी लागे. शेवटी नाक मुठीत धरून परतलो. काकांनी वहीत नंबर लिहिला, किलोमीटर लिहिले आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. मला वाटलं, विसरले असतील.

पुढे मोबाईल नवलाईचे होते त्या दिवसांत टाय लावलेला एक एजंट गॅरेजात आला. कोणाची गाडी किती पळाली, कुठे जाते, मालकाचा पत्ता काय, हे सगळं त्याच्या कंपनीला हवं होतं. "काका, वह्या दोन दिवस द्या, नवा मोबाईल घ्या." काकांना मोबाईलचं भारी वेड. त्यांनी तो हातात घेऊन दोनदा दाबूनही पाहिला.

"गाड्या माझ्याकडं दुरुस्तीला येत्यात, चुगली करायला नाय," ते मोबाईल परत देत म्हणाले. "एकदा मी केली. एका पोराचं लगीन मोडलं."

तो पोरगा, म्हणजे मी, तिथेच स्टुलावर बसलो होतो. एजंट गेल्यावर काकांनी फळीवरची जुनी वही काढली. माझ्या पानावर शेरा खोडला होता. शेजारी पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलेला जांभळा धागा मात्र तसाच होता. त्यांनी पान फाडून माझ्या हातात दिलं.

"हे तुझं हाय. तुझ्याकडंच पाहिजे होतं."

आता माझा संसार आहे, बायको गुणी आहे, त्यामुळे पान घरी न्यायची छाती झाली नाही. ते स्कूटरच्या डिक्कीत तळाशी ठेवलं. दर सर्व्हिसिंगला काका डिक्की उघडतात, पान बघतात, पुसून परत जागेवर ठेवतात आणि वहीत फक्त किलोमीटर लिहितात.