काट्याचा कॉम्प्युटर कशानं जळतो

“मॅडम, बाकी काही नका सांगू. हे जळलं का जाळलं, तेवढं सांगा.”

रमेशसेठ खुर्चीच्या कडेवर बसले होते. समोर टेबलावर मी कॉम्प्युटरमधून काढलेला मदरबोर्ड पडला होता. मदरबोर्ड म्हणजे डब्यातली ती मोठी पाटी, जिच्यावर बाकीचे सगळे भाग बसतात. त्या हंगामात त्यांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, गेलेला हा दुसरा बोर्ड. दारात काट्यावर गाड्यांचं वजन करणारे काटाबाबू रफिकभाई उभे होते. सेठनी त्यांना सकाळीच सांगून टाकलं होतं, की तिसरा बोर्ड गेला तर कामावर यायचं नाही.

दारव्ह्यात माझं कॉम्प्युटर विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. तेव्हा कापसाचे दिवस वाईट होते. भाव बसला होता आणि विकणारा, घेणारा, मोजणारा, कोणाचाच कोणावर भरवसा राहिला नव्हता. काट्यावर गाडी चढली की गाडीवाला आधी वजनाचा लाल आकडा बघायचा, मग छापील चिठ्ठी बघायचा, मग पुन्हा लाल आकडा. हातानं लिहिलेली चिठ्ठी दिली तर गाडी तिथूनच वळायची आणि रस्त्यापलीकडच्या जिनिंगमध्ये जायची. त्यामुळे काट्याचा कॉम्प्युटर बंद म्हणजे खरेदी बंद. सेठचा संशय सरळ होता. पलीकडच्यानं रफिकला फोडलं.

मी बोर्ड उजेडात धरला. कॅपॅसिटर, म्हणजे बोर्डावर उभे असणारे छोटे गोल डबे, वरून फुगले होते. हे उष्णतेनं होतं. आता जिनिंगमधला कॉम्प्युटर तापतो तो रुईनं. हवेतले तंतू पंख्यात अडकतात आणि प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, त्याच्यावरच्या पात्यांच्या ठोकळ्यात जाऊन बसतात. अशा मशीन उघडल्या की आतून उशी निघते. ही मशीन मात्र आतून स्वच्छ होती. पंखा बोटानं फिरवला, मोकळा फिरला.

मला ते आवडलं नाही. जिनिंगमधला कॉम्प्युटर इतका स्वच्छ नसतो.

“रफिकभाई, मला बोलावण्याआधी आतून साफ केला का?”

“नाही ताई. म्या तं खोलला बी नाही.”

“पंखा बंद पडला होता?”

“आतलं मले काय दिसते?”

मागच्या वेळी मी मागच्या स्क्रूवर दुकानाचं स्टिकर लावलं होतं. ते शाबूत होतं. मी सेठना तसं सांगितलं.

“स्टिकरचं काय घेऊन बसल्या मॅडम,” सेठ म्हणाले. “वाफ दिली की निघते, थुंकी लावली की चिकटते. पोस्टाची तिकिटं नाही काढली का लहानपनी?”

स्टुलावर मरून रंगाच्या मखमली कापडाची घडी होती. ती रफिकभाईंनी उचलून फळीवर ठेवली, स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि पुन्हा दारात जाऊन उभे राहिले. माणूस गप्प राहतो तेव्हा मला जास्त शंका येते. मी सेठना म्हटलं, “जाळलं असं मी सांगणार नाही. जळलं असंही नाही. मला माहीत नाही.”

सेठना हे उत्तर चाललं नाही, पण त्यांच्याकडे दुसरा आरोपी तयार होता. “मंग ही कंपनीच खराब. माह्या साळ्यानं यवतमाळहून सांगतलंच होतं, हिरव्या डब्याचा प्रोसेसर घेऊ नको, भट्टी असते. निळ्या डब्याचा टाका.”

तेव्हा बाजारात प्रोसेसरच्या दोनच कंपन्या होत्या असं समजा. गावात त्यांना डब्याच्या रंगावरून ओळखत. हिरवा स्वस्त, निळा महाग. हिरवा गरम होतो हे त्या काळी सगळे म्हणायचे. थोडं खरंही होतं. पण तसेच हिरवे प्रोसेसर मी तालुक्यात बऱ्याच ठिकाणी बसवले होते आणि ते चालू होते. भट्टी फक्त सेठच्याच काट्यावर पेटत होती.

“सेठ, कंपनी बदलायची तर नुसता प्रोसेसर बदलून भागत नाही,” मी सांगितलं. “प्रोसेसर बसतो त्या जागेला सॉकेट म्हणतात. एकीचा प्रोसेसर दुसरीच्या सॉकेटमध्ये बसत नाही. बोर्डही त्याच जातीचा घ्यावा लागतो. नव्या बोर्डाला जुनी रॅम चालत नाही. हार्डडिस्क चालते, पण विंडोज पुन्हा टाकावं लागतं.”

“म्हंजे मले एक बैल बदलाचा हाय आन् तुम्ही गाडीसकट बदलून राह्यल्या.”

“बैल तुम्हीच बदला म्हणताय.”

सेठ हसले, पण हिशेब डोक्यात चालू होता. ते मला म्हणाले, “यात तुमाले किती सुटते?” मी म्हटलं, “सुटतं. नाहीतर दुकान कशाला मांडलं?” हे उत्तर त्यांना पटलं. मला काही सुटत नाही असं म्हटलं असतं तर त्यांनी मला तिथूनच परत पाठवलं असतं.

निवड करताना मी तीन गोष्टी बघितल्या आणि त्यात वेग नव्हता. पहिली, सिरियल पोर्ट. काट्याचं वजन एका जुन्या पद्धतीच्या नऊ पिनांच्या वायरीनं कॉम्प्युटरमध्ये येतं. नव्या बोर्डांवर ते पोर्ट मागच्या बाजूनं काढून टाकायला सुरुवात झाली होती. बोर्डाच्या पोटात नुसत्या पिना ठेवायच्या आणि त्यांना जोडायची पोर्टची पट्टी वेगळी विकायची. दुसरी, प्रिंटरचं मोठं पोर्ट, कारण काट्याच्या सॉफ्टवेअरचं लॉक त्यातच खोचलेलं असतं. लॉक नाही तर सॉफ्टवेअर उघडत नाही. तिसरी गोष्ट मी सेठना सांगितली नाही. मला तापमान मोजणारा बोर्ड हवा होता. काही बोर्डांच्या आतल्या सेटिंगमध्ये, ज्याला बायोस म्हणतात, तापमानाची हद्द घालता येते. हद्द ओलांडली की बोर्ड ओरडतो आणि आणखी वर गेलं की मशीन स्वतः बंद होते. जळत नाही. कोणी काही करत असेल तर त्या क्षणीच कळावं, एवढाच माझा हेतू होता.

नागपूरच्या व्यापाऱ्यानं फोनवर सुटा प्रोसेसर घ्यायचा आग्रह केला. “मॅडम, माल तोच, फक्त डबा नाही.” डबा नसलेल्या मालावरचा नंबर कोणी खरवडला हे कोणी सांगत नाही. मी सीलबंद डब्यातलाच मागवला आणि डब्यावरचा नंबर आणि प्रोसेसरवरचा नंबर जुळवून घेतला. निळ्या डब्यातला सगळ्यात हळू आणि सगळ्यात थंड प्रोसेसर निवडला.

बसवताना सेठ मागे उभे होते. “हा त् सगळ्यात स्वस्तातला दिसते.”

“चिठ्ठी छापायला विमानाचं इंजिन लागत नाही.”

“आन् हा जळला तर?”

“तर मी भरून देईन.”

हे मी रफिकभाईंसमोर मुद्दाम बोलले. त्यांचा चेहरा बघायचा होता. ते म्हणाले, “ताई, तुमी बोर्ड भरून देसान. माही नवकरी कोन भरून देईन?” त्यात राग नव्हता. पोरीची बारावी होती, एवढं मला ठाऊक होतं. पण पोरीची बारावी असलेली माणसंही फुटतात, हेही मला ठाऊक होतं. मी बायोसमध्ये हद्द घातली, काट्यावर स्वतःची स्कूटी चढवून चिठ्ठी काढून बघितली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेठचा फोन. मागून बारीक शिट्टी ऐकू येत होती.

“मॅडम, तुमचा निळा डबा त् पह्यल्याच दिवशी रडून राह्यला.”

“कोणी हात लावलाय का?”

“कोनीच नाही. मी इथंच हावो.”

“मग तसंच राहू द्या. काही काढू नका, काही हलवू नका. मी येते.”

आधीच्या दोन्ही वेळी मला फोन आला तो मशीन मेल्यावर. तोपर्यंत सगळ्यांनी वायरी काढून, पुन्हा घालून, डबा ठोकून झालेला असायचा. या वेळी मशीन जिवंत होती. स्कूटीवर मी एवढाच विचार करत होते, की तिथे पोहोचेपर्यंत रफिकभाईंनी काही लपवू नये.

त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. सेठनी हलवू नका म्हटलेलं तंतोतंत पाळलं होतं. टेबलावर मरून मखमलीची एक खोळ होती. कडेनं सोनेरी लेस, समोर टिकल्यांचा मोर. चारही बाजूंनी अंगासरशी बसलेली, खाली नाडीनं आवळलेली. शिट्टी खोळीच्या आतून येत होती.

मी नाडी सोडली. डब्याला हात लावला आणि चटका बसताच मागे घेतला.

“हे कोणी घातलं?”

“मीच,” सेठ म्हणाले. “रोज घालतो. जिन चालू झाले की रुई उडते. पह्यला बोर्ड गेल्यावर तुमीच त् म्हटलं होतं, रुईपासून जपा.”

“आणि शिवली कोणी?”

“आमच्या मंडळीनं. घरच्या मिक्सरले बी हाय अशीच.”

“चालू मशीनवर?”

“मंग? जिन बंद असल्यावर रुई उडते का?”

मी रफिकभाईंकडे वळले. “तुम्ही मला खोळीचं बोलला नाहीत.”

“तुमी पंख्याचं इचारलं ताई. खोळ त् चांगल्यासाठीच होती. मशीन बंद पडली का मीच काढून, घडी करून ठेवत होतो. तुमचे हात लागून खराब नको व्हाले. वहिनीसाहेबाच्या हातची हाय.”

आतल्या स्वच्छतेचा उलगडा झाला. खोळीनं रुई बाहेर ठेवली आणि उष्णता आत. पंखा इमानदारीनं फिरत होता आणि तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होता. हिरवा तसाच तापला होता, निळाही तापला. निळा वाचला तो हळू होता म्हणून आणि बोर्डाला ओरडता येत होतं म्हणून.

सेठनी मोर आत जाईल अशी खोळीची घडी घातली.

“सेठ,” रफिकभाई दारातून म्हणाले, “जाळनारा सापडला म्हनाचा का मंग?”

“जास्त बोलू नको. काट्यावर गाडी उभी हाय, तिकडं पाह्य.”

रफिकभाई गेले. माफी वगैरे कोणी मागितली नाही, पण कामावर न येण्याची गोष्टही पुन्हा निघाली नाही. सेठ मला हळूच म्हणाले, “घरी काय सांगू?”

“संध्याकाळी बंद झाल्यावर घाला म्हणून सांगा. दिवसा उघडा राहू द्या. रुई जाईल आत, मी येऊन ब्लोअर मारून देत जाईन.”

“त्याचे किती?”

मी आकडा सांगितला. त्यांनी कमी करून मागितला. कारभार पूर्ववत सुरू झाला.

जुन्या बोर्डावरचा हिरव्या डब्याचा प्रोसेसर मी दुकानात आणून तपासला. त्याला काहीही झालं नव्हतं. पुढे बरीच वर्षं माझी बिलं त्याच्यावरच निघाली. सेठना मी ते सांगितलं नाही. कंपनी बदलली म्हणून मशीन टिकली असं ते अजूनही साळ्याला सांगतात.

मी मात्र एक शिकले. “कॉम्प्युटरला कोणीच हात लावत नाही” असं गिऱ्हाईक म्हणालं, की मी आता विश्वासही ठेवत नाही आणि संशयही घेत नाही. विचारते, “बरं, मग त्याची काळजी कोण घेतं?”